वेल्श भाषा आपोआप मेली नाही, आणि मेलेलीही नाही

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. शाळेच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, एका मावसभावाने पाठवला आणि जुन्या नोकरीतल्या एका बाईंनीही पाठवला. मजकूर मराठीत आहे, खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. वेल्स हा इंग्लंडचाच एक प्रांत, म्हणून तर युनियन जॅकमध्ये त्याला जागा नाही. वेल्श ही इंग्रजीचीच एक गावंढळ बोली, तिला धड स्वर नाहीत आणि मायक्रोवेव्हला ती ‘पॉप्टी पिंग’ म्हणते. वेल्सच्या लोकांनी शहाणपणाने, कुणी जबरदस्ती न करता इंग्रजी घेतली आणि त्यांची भाषा नैसर्गिक मरणाने गेली. आज तिथे जे मेळावे भरतात ते दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने रचलेलं नाटक आहे, आणि उरलीसुरली भाषा सरकारी पैशावर श्वास घेते आहे. तेव्हा मराठीचा आग्रह सोडा, वेल्सकडून शिका, असा शेवट.

मी कार्डिफमध्ये सात वर्षं राहिले. त्यातली चार वर्षं दर मंगळवारी संध्याकाळी वेल्शच्या वर्गाला जात होते. अजूनही अडखळत बोलते, पण बोलते. त्यामुळे हा मजकूर पुढे ढकलणं मला जमलं नाही. मराठीचं काय करायचं ते आपण मराठीकडे बघून ठरवू. त्यासाठी खोटा वेल्स साक्षीला उभा करू नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

प्रांताच्या मुद्द्यात एक खरी गोष्ट आहे, ती आधी मान्य करते. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या राज्यात विलीन झाला. १७४६ च्या कायद्याने तर असं ठरवलं की संसदेच्या कायद्यात ‘इंग्लंड’ असा शब्द आला की त्यात वेल्स धरलेलाच आहे. १६०६ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडचा जोडझेंडा तयार झाला तेव्हा त्यात वेल्सचं काही आलं नाही, ते याच विलीनीकरणामुळे. न्यायव्यवस्था आजही दोघांची एकत्र आहे. पण १७४६ ची ती तरतूद वेल्सपुरती १९६७ मध्येच रद्द झाली. १९५५ पासून कार्डिफ अधिकृत राजधानी आहे, १९५९ पासून लाल ड्रॅगनचा झेंडा अधिकृत आहे, आणि १९९९ पासून कार्डिफमध्ये लोकांनी निवडलेली सभा बसते. शिक्षण, आरोग्य, भाषा यांचे निर्णय तिथे होतात. २०२० पासून तिचं नाव सेनेद, म्हणजे वेल्सची संसद.

ही सभासुद्धा कुणी ताटात वाढून दिली नाही. १९७९ च्या सार्वमतात वेल्सच्याच लोकांनी ती जवळजवळ ८० टक्के मतांनी नाकारली होती. १८ सप्टेंबर १९९७ ला पुन्हा मत घेतलं. रात्रभर मोजणी चालली, ‘नाही’ची बाजू पुढे होती, आणि सगळ्यात शेवटी जाहीर झालेल्या कार्मार्दनशरच्या निकालाने पारडं फिरलं. फरक ६,७२१ मतांचा, टक्केवारी ५०.३. २०११ मध्ये अधिकार वाढवायचे का असं विचारलं तेव्हा ६३.५ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. तीस वर्षांत एखाद्या समाजाचं मन किती बदलू शकतं ते या तीन आकड्यांत आहे. प्रांत म्हणवून घेण्यात ज्यांना समाधान असतं त्यांचे आकडे असे चढत नाहीत.

नावाचंही सांगते. ‘वेल्स’ हे शेजाऱ्यांनी दिलेलं नाव. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ परका, उपरा. स्वतःच्या भूमीवर उपरे ठरवले गेलेले ते लोक आपल्या देशाला ‘कम्री’ म्हणतात आणि भाषेला ‘कम्राइग’. कम्रीच्या मुळाशी असलेल्या जुन्या शब्दाचा अर्थ आहे ‘एका भूमीतले सोबती’, आपल्याकडच्या ‘देशबांधव’ शब्दाच्या अगदी जवळचा.

आता बोलीचा दावा. तो साफ चूक आहे. ज्यांच्या बोलण्यातून पुढे इंग्रजी झाली ते अँग्लो-सॅक्सन लोक पाचव्या शतकाच्या सुमारास समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आले. त्याआधीपासून त्या बेटाच्या मोठ्या भागात जी केल्टिक भाषा बोलली जात होती, तिची लेक म्हणजे वेल्श. फ्रान्समधली ब्रेतॉन आणि कॉर्नवॉलमधली कॉर्निश या तिच्या सख्ख्या बहिणी. इंग्लंडमध्ये एव्हन नावाच्या कितीतरी नद्या आहेत. वेल्शमध्ये ‘आवॉन’ म्हणजे नुसती नदी. जुन्या भाषेतलं सामान्यनाम नव्या भाषेत विशेषनाम होऊन बसलं, आणि शेक्सपियरच्या गावाच्या नावातही ते तसंच आहे.

नातंच शोधायचं तर वेल्श आपलीही लांबची नातेवाईक लागते. १७८६ मध्ये कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं सांगितलं, तेव्हा त्याच भाषणात त्यांनी गॉथिक आणि केल्टिक भाषांचंही नाव घेतलं होतं. जोन्स यांचे वडील वेल्सच्या अँगलसी बेटावरचे. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी बाईंनी आकडे म्हणून घेतले: ईन, दाइ, त्री, पेदवार, पिम्प, ख्वेख, साइथ, उइथ, नाउ, देग. त्रीला मी मान वर केली, नाउला पेन खाली ठेवलं. वहीत ‘नाउ’समोर मी अर्थ लिहिलाच नाही.

स्वर नाहीत म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं की इंग्रजी ज्यांना डब्ल्यू आणि वाय म्हणते ती अक्षरं वेल्शमध्ये स्वर आहेत. स्वर सात होतात, इंग्रजीच्या पाचापेक्षा दोन जास्त. शिवाय वेल्श लेखन बरंचसं आपल्यासारखं, लिहिलं तसं वाचायचं. नियम कळले की अनोळखी गावाची पाटीसुद्धा बरोबर वाचता येते. इंग्रजीत हे कुणाला जमलेलं नाही.

‘पॉप्टी पिंग’ हा तर निव्वळ विनोद आहे. पॉप्टी म्हणजे भट्टी, आणि पिंग तो आवाज. वेल्श लोक हसत हसत तो शब्द वापरतातही. पण मायक्रोवेव्हला वेल्शमध्ये ‘मायक्रोदॉन’ म्हणतात, ‘दॉन’ म्हणजे लाट. रेल्वेच्या सिग्नलला आपण ‘अग्निरथगमनागमनसूचक लोहताम्रपट्टिका’ म्हणतो असं कुणी परदेशात छापलं आणि त्यावरून मराठीची लायकी ठरवली तर आपल्याला काय वाटेल? हे अगदी तसंच आहे. लानव्हेअर नावाच्या त्या ५८ अक्षरी गावाचंही असंच. ते लांबलचक नाव १८६० च्या दशकात प्रवासी आकर्षित व्हावेत म्हणून जोडून केलेलं आहे, गावाचं मूळ नाव त्याच्या पहिल्या तुकड्याएवढंच. आणि २००८ मध्ये स्वॉन्झीत लागलेली ती रस्त्यावरची पाटी, जिच्यावर वेल्शमध्ये ‘मी सध्या कार्यालयात नाही’ असं छापलं गेलं, तिचा फोटोही वेल्शच्या फजितीचा म्हणून फिरतो. भाषांतरकाराच्या ईमेलचं आपोआप आलेलं उत्तरच कुणीतरी भाषांतर समजून पाटीवर चढवलं. पाटी करवून घेणाऱ्यांना आपल्याच देशाची भाषा वाचता येत नव्हती. ती फजिती भाषेची कशी?

लिपीवरून आठवलं. १८४१ मध्ये थॉमस जोन्स नावाचे वेल्श मिशनरी चेरापुंजीला पोचले आणि त्यांनी खासी भाषा रोमन अक्षरांत लिहायला घेतली. त्यांनी इंग्रजीची नव्हे, आपल्या वेल्शची पद्धत वापरली. वेल्श वर्णमालेत ‘ग’च्या लगेच मागून ‘ङ’ हा वेगळा वर्ण येतो, खासी वर्णमालेतही तो तिथेच येतो. वेल्शमध्ये तिसऱ्या जागी ‘क’ आहे, खासीतही तिसऱ्या जागी ‘क’च. मेघालयातली मुलं आज बाराखडी पाठ करतात तेव्हा तिचा क्रम वेल्सचा असतो. खासी लोकांचं गीतही वेल्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवर गायलं जातं. गावंढळ बोलीच्या नशिबी हे येत नाही.

यापुढचा दावा मला सगळ्यात जास्त टोचला: कुणी जबरदस्ती केली नाही, भाषा आपोआप गेली.

१५३६ चा कायदा काय म्हणतो ते बघा. वेल्सचे लोक रोज जी भाषा बोलतात ती या राज्याच्या स्वाभाविक मातृभाषेशी जुळत नाही, अशी त्याच्या प्रस्तावनेतच तक्रार आहे. पुढे कलम आहे की न्यायालयांचं काम इंग्रजीत चालेल, आणि वेल्श बोलणाऱ्याने इंग्रजी वापरल्याखेरीज त्याला कुठलंही पद मिळणार नाही. तेव्हा वेल्समधल्या बहुतेकांना इंग्रजी येतच नव्हती. म्हणजे आरोपी वेल्श, साक्षीदार वेल्श, आणि निकाल न कळणाऱ्या भाषेत. न्यायालयात वेल्श बोलण्याची थोडी मुभा कायद्याने मिळाली ती १९४२ मध्ये. मध्ये ४०६ वर्षं गेली. हा कायदा करणारा आठवा हेन्री ज्या ट्यूडर घराण्यातला, त्याचं मूळ अँगलसीवरच्या एका वेल्श कुळात आहे. सत्तेच्या जागी पोचल्यावर घरची भाषा ओझं वाटू लागते, हे वेल्सने फार लवकर पाहिलं.

पण भाषा मेली नाही, कारण लोकांनी दुसरी वाट शोधली. १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणलं. चर्चमध्ये ते इंग्रजी बायबलशेजारी ठेवायचं, म्हणजे दोन्ही ताडून बघत लोक इंग्रजी शिकतील, असा संसदेचा बेत होता. घडलं उलटं. वेल्शला घडवलेलं, भारदस्त गद्य मिळालं. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स यांनी फिरत्या शाळा काढल्या. शेतीची कामं कमी असतात त्या हिवाळ्यात शिक्षक गावात यायचा, तीन महिने लोकांना वेल्श वाचायला शिकवायचा आणि पुढच्या गावी जायचा. आजोबा आणि नातू एका बाकावर बसत. हजारो गावकरी असे साक्षर झाले.

मग आलं १८४७. वेल्सच्या शाळांची चौकशी करायला तीन तरुण इंग्रज वकील पाठवले गेले. तिघांनाही वेल्श येत नव्हतं. त्यांनी वर्गांत जाऊन इंग्रजीत प्रश्न विचारले, मुलं गप्प राहिली, आणि मुलं अडाणी असल्याची नोंद झाली. निळ्या बांधणीच्या तीन खंडांत अहवाल आला. शाळांची दुरवस्था त्यात होती आणि ती खरीही होती, पण सोबत असा निष्कर्षही होता की वेल्श भाषा हीच नीतीच्या आणि समृद्धीच्या आड येणारी भिंत आहे. तिथल्या बायकांच्या चारित्र्यावरही शिंतोडे उडवले होते. वेल्समध्ये आजही याला ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणतात. मला यातलं सगळ्यात वाईट हे वाटतं की शिव्या खाल्लेल्यांपैकी अनेकांना त्या पटल्या. आपली भाषा म्हणजे मागासलेपण, हे तिथल्या शिकल्यासवरल्या घरांनी स्वतःहून मुलांना शिकवायला सुरुवात केली.

‘वेल्श नॉट’ची गोष्ट इथेच येते. शाळेत जो मुलगा वेल्श बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात एक लाकडी तुकडा अडकवायचा. त्याने दुसऱ्या कुणाला वेल्श बोलताना पकडून दिलं की तो तुकडा त्याच्या गळ्यात जायचा. दिवसअखेर ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात असा एक तुकडा ठेवला आहे. तळहाताएवढाही नाही. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. नेमकं बोलायचं तर हा सरकारी हुकूम नव्हता. ती त्या त्या शाळेची रीत होती, सगळीकडे नव्हती, आणि पुष्कळदा आईबापांची तिला संमती असायची. जबरदस्ती नव्हती म्हणणारे यावरच बोट ठेवतात. पण न्यायालयाचं दार बंद, नोकरीचं दार बंद, १८७० च्या कायद्यानंतर गावोगाव उभ्या राहिलेल्या शाळांची भाषा इंग्रजी, आणि वर सरकारी अहवाल सांगतो की तुमच्या जिभेतच खोट आहे. अशा वेळी बापाने मान डोलावली तर ती आपखुशी म्हणायची का? मला नाही म्हणवत.

तरीही १८९१ च्या खानेसुमारीत ५४.४ टक्के लोक वेल्श बोलत होते. १९११ मध्ये टक्का ४३.५ वर आला, पण बोलणाऱ्यांची संख्या तेव्हा सर्वाधिक होती, सुमारे ९ लाख ७७ हजार. कारण कोळसा. आयर्लंडमध्ये भुकेला माणूस जहाजात बसून देश सोडून गेला. वेल्समध्ये तो उत्तरेच्या डोंगरातून निघून दक्षिणेतल्या र्‍होंडाच्या खाणीत आला आणि देशातच राहिला. त्याच्याबरोबर त्याचं चॅपेल आलं, गायकवृंद आला, वेल्श वर्तमानपत्र आलं. पुढे इंग्लंडमधून एवढे लोक त्याच खाणींच्या खोऱ्यांत आले की रस्त्याची भाषा बदलली. दोन महायुद्धांच्या मधल्या मंदीत सुमारे ४ लाख लोकांना वेल्स सोडावा लागला. १९६१ मध्ये टक्का २६ होता.

आणि १९५७. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं म्हणून त्रिवेरिन खोऱ्यात धरण बांधायचा कायदा लंडनच्या संसदेने केला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिलं नाही. कायदा झालाच. १९६५ मध्ये कापेल केलिन हे गाव शाळा, पोस्ट, चॅपेल आणि घरांसकट पाण्याखाली गेलं. ते जवळजवळ सगळं वेल्श बोलणारं गाव होतं. लिव्हरपूलने २००५ मध्ये माफी मागितली. धरणग्रस्त म्हणजे काय हे कोयनेच्या किंवा उजनीच्या काठच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. अ‍ॅबरिस्टविथकडे जाताना रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर ‘त्रिवेरिन लक्षात ठेवा’ असं रंगवलेलं दिसतं. ती भिंत कुणी फोडली की लोक पुन्हा रचतात आणि पुन्हा रंगवतात.

इथे आपल्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायचं आहे. या मजकुराला चिडून उत्तर देणारे काही जण लिहितात की वेल्स म्हणजे इंग्रजांची पहिली वसाहत, ते आपल्यासारखेच गुलाम. १२८२ मध्ये लिवेलिन राजपुत्र मारला गेला, त्याचं डोकं लंडनमध्ये मिरवलं गेलं, आणि पहिल्या एडवर्डने कायनार्वन, कॉन्वी, हार्लेख, बोमारिस असे किल्ले बांधून देश बांधून टाकला, हे सगळं खरं. पण वेल्स पुढे साम्राज्यात भागीदारही झाला. वेल्शपूलजवळच्या पॉविस किल्ल्यात टिपू सुलतानाचा तंबू आहे, क्लाइव्ह घराण्याने नेलेला. उत्तरेतल्या पेनरिन खाणींत जमैकातल्या मळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या श्रमाचा पैसा ओतलेला आहे. डेव्हिड लॉइड जॉर्ज घरी वेल्श बोलत आणि साम्राज्याचे पंतप्रधान होते. वेल्सवर अन्याय झाला हे सांगण्यासाठी त्याला निर्दोष ठरवण्याची गरज नाही.

नाटकाचा दावा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. आइस्टेदवॉड म्हणजे कविता, गाणं आणि वादनाच्या स्पर्धांचा मेळावा. त्यात झगे घातलेले कवी, दगडांचं वर्तुळ, अर्धी म्यानातली तलवार असा जो समारंभ दिसतो, तो योलो मोर्गानुग या गवंडी-कवीने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर सुरू केला आणि प्राचीन म्हणून खपवला. त्याने जुन्या कवींच्या नावावर स्वतःच्या कविताही घातल्या. हे वेल्श विद्वानांनीच विसाव्या शतकात उघड केलं. पण समारंभ नवा म्हणून मेळावा नवा होत नाही. ११७६ मध्ये र्‍हिस राजाने कार्डिगनच्या किल्ल्यात कवींची आणि वादकांची स्पर्धा घेऊन विजेत्यांना मानाच्या खुर्च्या दिल्याची नोंद जुन्या बखरीत आहे. सोळाव्या शतकात काएर्विसला दोनदा असे मेळावे भरले.

आणि कवितेची घडण तर त्याहून जुनी. वेल्श कवी ‘कंघानेद’ नावाचा नियम पाळतात. ढोबळमानाने सांगायचं तर ओळीच्या पहिल्या अर्ध्यात जी व्यंजनं ज्या क्रमाने येतात, तीच त्याच क्रमाने दुसऱ्या अर्ध्यात आली पाहिजेत, स्वर मात्र बदलायचे. समजावं म्हणून मी मराठीत एक तुकडा जुळवला होता: ‘सरी मनात, सूर मौनात’. स-र-म-न-त, पुन्हा स-र-म-न-त. एवढ्याला मला एक दुपार लागली. तिथे शेतकरी, बसचालक, शिक्षक अशा शंभर शंभर ओळी लिहितात, आणि उत्कृष्ट कवितेला खुर्ची मिळते. १९१७ मध्ये ही खुर्ची ‘हेद विन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या मेंढपाळ कवीला जाहीर झाली. नाव पुकारलं, कुणी उठलं नाही. तो ३१ जुलैला, पहिल्या महायुद्धात, फ्लँडर्सच्या रणांगणावर मारला गेला होता. खुर्चीवर काळं कापड घातलं गेलं. त्राव्सविनिथजवळच्या त्याच्या घरी ती अजून आहे. हे नाटक असेल तर मला नाटक या शब्दाचा अर्थ कळत नाही.

मजकुरात एक गृहीत आहे, त्याकडे माझं लक्ष उशिरा गेलं: भाषा येत नाही तो वेल्श कसला? २०२१ च्या खानेसुमारीत १७.८ टक्के लोकांनी वेल्श बोलता येतं असं सांगितलं, पण आपली ओळख ‘फक्त वेल्श’ असं सांगणारे ५५.२ टक्के होते. अन्यूरिन बेव्हन यांना वेल्श येत नव्हतं. ट्रेडेगरच्या खाणकामगारांनी पगारातून वर्गणी कापून चालवलेली वैद्यकीय मदत सोसायटी पाहत ते वाढले, आणि १९४८ मध्ये आरोग्यमंत्री म्हणून तीच कल्पना त्यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या रूपाने सगळ्या ब्रिटनला लागू केली. २१ ऑक्टोबर १९६६ ला अ‍ॅबरवानमध्ये कोळशाच्या कचऱ्याचा डोंगर शाळेवर कोसळून ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. उरलेले ढिगारे हलवायला सरकारने त्याच गावासाठी जमलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले. तो पैसा १९९७ मध्ये परत आला. हा घाव वेल्श बोलणाऱ्याचा आणि इंग्रजी बोलणाऱ्याचा वेगळा नाही. माझ्या शेजारच्या आजींना वेल्शची चार वाक्यं येत होती. त्या अ‍ॅबरवानबद्दल एकदाच बोलल्या, आणि बोलताना ‘आम्ही’ म्हणाल्या.

पबमध्ये आपण शिरलो की वेल्श लोक मुद्दाम इंग्रजी सोडून वेल्श बोलू लागतात, हेही मजकुरात आहे. आपल्याला तर हे पटकन कळायला हवं. ‘मीटिंग पोस्टपोन झाली, मी त्याला मेसेज केलाय’ हे दारातून ऐकणाऱ्या परक्याला इंग्रजीच वाटेल. दोन पावलं आत आल्यावर त्याला मराठी ऐकू येईल. वेल्शमध्येही इंग्रजी शब्द असेच मिसळलेले असतात. ते आधीपासून वेल्शच बोलत असतात.

शेवटी अनुदान. सरकारी पैसा आहे, नाही म्हणत नाही. तो तिथल्याच करदात्यांचा आहे. पण तो सगळ्यांत शेवटी आला. १९२२ मध्ये मुलांसाठी उर्थ ही संघटना लोकांनी काढली. १९३९ मध्ये अ‍ॅबरिस्टविथला पहिली वेल्श माध्यमाची शाळा पालकांनी खाजगीत सुरू केली. १९७१ पासून वेल्श बालवाड्यांची चळवळ उभी राहिली. गावागावांतली वेल्श पत्रकं स्वयंसेवक घडी घालून घरोघर टाकतात. वेल्श दूरचित्रवाहिनी देण्याचं वचन सरकारने मोडलं तेव्हा, १९८० मध्ये, वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे नेते ग्विनवोर एव्हन्स यांनी आमरण उपोषण जाहीर केलं. उपोषण सुरू होण्याआधीच सरकारने निर्णय फिरवला, आणि १ नोव्हेंबर १९८२ ला वाहिनी दिसू लागली.

स्थिती चांगली आहे असं मी म्हणत नाही. २०२१ मध्ये बोलणारे ५ लाख ३८ हजार होते, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. निम्म्याहून जास्त लोक वेल्श बोलतात असे जिल्हे दोनच उरले, ग्विनेद आणि अँगलसी, आणि तिथली घरं सुट्टीसाठी विकत घेणाऱ्यांमुळे गावच्या तरुणांना परवडत नाहीत. दुसरीकडे कार्डिफमध्ये टक्का ११.१ वरून १२.२ वर गेला. २०५० पर्यंत दहा लाख बोलणारे, हे सरकारचं उद्दिष्ट गाठलं जाईल का याची मलाही काळजी वाटते. पण काळजी जिवंत माणसाची करतात.

हे सगळं सरकारने नाही तर कुणी केलं, असं मजकूर पाठवणाऱ्या मावसभावाने मला फोनवर विचारलं. मी त्याला लान्गेनेखच्या एका जोडप्याची गोष्ट सांगितली. ट्रेव्हर बीझली खाणीत होते, आयलीन शिक्षिका होत्या. १९५२ मध्ये त्यांनी घरपट्टीचं बिल वेल्शमध्ये मागितलं. गाव वेल्श बोलणारं, कौन्सिलचे सदस्य वेल्श बोलणारे, पण बिल इंग्रजीतच यायचं. ते भरायला दोघांनी नकार दिला. कोर्टाचे समन्स आले, बेलीफ आले. घरातलं सामान जप्त होत गेलं, खुर्च्या, गालिचे, पियानोसुद्धा. घरात लहान मुलं होती. दोघं प्रत्येक वेळी कोर्टात उभे राहिले आणि तेच म्हणाले. आठ वर्षांनी, १९६० मध्ये, लानेलीच्या ग्रामीण कौन्सिलने त्यांना घरपट्टीचं बिल दोन्ही भाषांत छापून पाठवलं.